पास काढू का, मामा?

भाचा मे महिन्यात पॅरिसला चाललाय, बायको आणि अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन. रविवारी जेवायला आला आणि ताटावर बसल्या बसल्या मोबाईल पुढे केला. त्यावर तिथला पास, एकाच पासावर ठरावीक तासांत बरीच म्युझियमं बघायचा. "मामा, हा म्युझियम पास तिघांचा काढू का? लई महाग झालाय ओ." आमच्या घरात पॅरिस बघून आलेले आम्ही दोघंच, त्यामुळे सल्ल्याचा मान माझ्याकडे.

मी पहिल्यांदा पोरीचा पास कापला. लुव्र आणि ओर्से ही म्युझियमं, सेंट शापेल हे जुनं चर्च, सगळीकडे 18 वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. लुव्रला तिच्यासाठी फक्त वेळ बुक करून ठेवायची. राहिले दोघं. तिथं मात्र माझी स्वतःची जखम आहे.

आम्ही 2024 ला गेलो तेव्हा 48 तासांचा पास 62 युरोला होता. आम्ही बघितलं काय? लुव्र 22, ओर्से 16, सेंट शापेल 13. सुटी तिकिटं काढली असती तर 51 मध्ये भागलं असतं. माणशी 11 युरो, म्हणजे दोघांचे मिळून दोनेक हजार रुपये पाण्यात. चूक माझीच. पास पहिल्यांदा स्कॅन झाला की घड्याळ सुरू होतं. मी शहाण्यानं तो सोमवारी दुपारी तीनला केला. मंगळवारी लुव्र बंद! म्हणजे बुधवारी तीनच्या आत लुव्र उरकायचं. उरकायचं, हाच शब्द तेव्हा तोंडात होता.

त्यात सेंट शापेल. बायको त्या रंगीत काचांखाली मान वर करून उभी. उन्हाची तिरीप आली की फरशीवर निळे-तांबडे ठिपके हलायचे, ते ती बघत होती. आणि मी शेजारी, "चल, अजून एक होतंय आज." ती वर बघतच म्हणाली, "आपण बघायला आलोय का वसुलीला?"

पासाची खरी अडचण हीच वाटते मला. तो जितका महाग, तितकी वसुलीची घाई. आता जानेवारी 2026 पासून युरोपबाहेरच्यांना लुव्रचं एकट्याचं तिकीट 32 युरो झालंय, म्हणजे आपल्यालाच. त्यामुळे पास परवडतो असं कागदावर दिसतं, पण पासही 62 वर राहिलेला नाही. शिवाय रांग टळते म्हणतात ते अर्धंच खरं. सेंट शापेल कोर्टाच्या आवारात आहे, तिथं बॅग तपासायच्या रांगेत पासवाला आणि बिनपासवाला सारखाच. लुव्रला पास असला तरी वेळ बुक करावीच लागते. आणि आयफेल टॉवर पासात नाहीच. दिवसात तीन-तीन म्युझियम चालायची पायांत ताकद असेल त्यानं खुशाल काढावा. आमचे गुडघे त्यातले नव्हेत.

घरचंच बघा. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आहे, 4 आणि 7 दिवसांचा. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, काढूया. पण बायकोला अर्धं तिकीट, आई पंच्याहत्तरीच्या पुढची म्हणून फुकट. राहिलो मी एकटा. एकट्यानं पास काढून आवडेल तेथे कुठं जाऊ?

परवा आमच्या ग्रुपवर एकानं कोल्हापूर दर्शन पासाची टूम काढली. त्यात घालणार काय बाबा? अंबाबाईला तिकीट नाही, रंकाळ्याला नाही. न्यू पॅलेसचं आणि टाऊन हॉल म्युझियमचं सुटं काढावं. टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडनचा छोटा ब्राँझ पुतळा आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी! पाहुणे त्याच्यासमोरून पाच सेकंदांत पुढे जातात. तेच पाहुणे गंगावेशीत दूध कट्ट्यावर तासभर हलत नाहीत. समोर म्हैस पिळायची, ग्लासात फेस वर आलेला, दूध अजून कोमट. पुण्याच्या मेव्हण्याला ओठावर पांढऱ्या मिशा आल्या होत्या, आणि 'आता पन्हाळा कधी' हे विचारायचं तो विसरून गेला. हे कुठल्या पासात बसवणार?

असो. भाच्याला एवढं सगळं तासभर ऐकवलं. काल त्याचा मेसेज आला, "मामा, दोन पास काढले."

का रे, म्हटलं.

"मामी नसणार ना बरोबर, थांबून बघायला कोण हाय?"