काटा येतो, त्याचं काय करायचं?

'बचेंगे तो और भी लडेंगे.' हे वाक्य वाचलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. बुराडी घाट, १० जानेवारी १७६०, गोळी लागून पडलेले दत्ताजी शिंदे, समोर उभा अब्दालीच्या बाजूचा कुतुबशाह विचारतोय, 'क्यों पटेल, और लडोगे?' आणि त्यावर हे उत्तर. आख्यायिका असेल, पण काटा काही पुरावे मागत बसत नाही.

म्हणूनच युद्ध वाईट असतं एवढंच सांगणाऱ्या पोस्टी मला अपुऱ्या वाटतात. वाईट असतं हे कुणाला ठाऊक नाही? अडचण ही आहे की ते आवडतं. नुसतं डोकं फिरलेल्यांना नाही, तुम्हा-आम्हाला, दुपारी वरण-भात खाऊन पडणाऱ्यांना आवडतं.

२०२५ चा मे महिना आठवा. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्यात सहा महाराष्ट्रातली. राग खरा होता, माझाही. पण ७ मेच्या ऑपरेशन सिंदूरनंतर त्या रागात दुसरं काहीतरी मिसळलं. एरवी पार्किंग आणि पाण्यावरून उणीदुणी काढणारा आमच्या सोसायटीचा ग्रुप एकाएकी एका घरासारखा वागायला लागला. ज्यांचं आपसात बोलणं बंद, ते एकमेकांना बातम्या पाठवत होते. काही वाहिन्यांनी पडद्यावरच कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं, आमच्याकडे लगेच फटाक्यांचे इमोजी. स्टुडिओत भोंगे इतके वाजत होते की शेवटी सरकारला सांगावं लागलं, कार्यक्रमात सायरन वाजवू नका. मीही रात्री उशिरापर्यंत जागी होते, आणि भीतीने नव्हे. पूंछमध्ये त्याच दिवसांत तोफगोळ्यांनी डझनभराहून जास्त साधी माणसं मेली, त्यात शाळेत जाणारी मुलं होती. ती बातमी आमच्या ग्रुपवर आली आणि दोन मिनिटांत वर सरकून गेली. १० मेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं कळलं तेव्हा ग्रुपवरचा सूर सुटकेचा नव्हता. ऐन रंगात आलेली मॅच पावसाने रद्द व्हावी, तसा होता.

हे एकत्र असण्याचं सुख खोटं नाही. उलट तेच युद्धाचं खरं आमिष आहे असं मला वाटतं. द्वेष नंतर येतो. आधी येतं ते 'आपण सगळे' असं वाटणं, जे एरवी वर्षभर कुठे मिळत नाही.

पानिपताकडे मी हल्ली याच नजरेने बघते. १७६० च्या मार्चमध्ये पेशव्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, अफगाण बादशहा अब्दालीशी लढायला उत्तरेला निघाले. उदगीरचा विजय ताजा होता. फौजेबरोबर बायकामुलं होती, बाजारबुणगे होते आणि हजारोंनी यात्रेकरू होते. आपण आता म्हणतो, काय हा मूर्खपणा, लढाईवर जाताना कुणी यात्रेकरू नेतं का! पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. उत्तरेची तीर्थं करायची तर भाऊंच्या छावणीहून सुरक्षित जागा कुठली? एवढ्या तोफा, एवढे घोडे, सगळे आपले लोक. लढायला निघालेल्या फौजेतच त्यांना सगळ्यात निर्धास्त वाटलं.

ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला. धान्य मिळालं, कुतुबशाह हाती लागला, त्याचं डोकं उडवलं, दत्ताजींचा सूड पुरा झाला. छावणीत काय आनंद असेल! त्या आनंदात मंडळी कुरुक्षेत्राच्या तीर्थाला निघाली, आणि तिकडे अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. पुढे अडीच महिने पानिपतावर कोंडमारा. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदही आटली.

आता बुराडीच्या वाक्याशेजारी एक दुसरं बोलणं ठेवते. अब्दालीच्या बाजूच्या, अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवलंय की अखेरच्या रात्री सरदार आणि शिपाई भाऊंकडे गेले आणि म्हणाले, दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा उद्या काय तो सोक्षमोक्ष लावू. मग विडे वाटले. शर्थीने लढायची शपथ झाली. हे बोलणं कुठल्या पोस्टरवर नाही, कुणाच्या स्टेटसला नाही. त्याने काटा येत नाही. पोटात खड्डा पडतो.

१७६१ च्या १४ जानेवारीला संध्याकाळी लढाई हरून सगळं संपल्यावर पळणाऱ्यांत नाना फडणवीस होते. पुढे राज्य चालवणारा हा माणूस तेव्हा १९ वर्षांचाही नव्हता. आई आणि बायकोला घेऊन तोही तीर्थयात्रेच्या ओढीनेच निघाला होता. अंगावरचे कपडे टाकून, पायी, उपाशी, लपतछपत तो रेवाडीपर्यंत पोचला. त्याने हे स्वतः लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं. बायको वाचली, पुढे भेटली. आई परत आली नाही. नानांच्या मुत्सद्देगिरीवर भाषणं पुष्कळ ऐकली, या बाईबद्दल एकही नाही. दुसऱ्या दिवशी पकडलेल्यांची कत्तल झाली, काशीराज आकडा ४० हजारांचा सांगतो. त्याच्यावर वाद घालता येतो, घातलाही जातो. बायका-पोरं गुलाम म्हणून नेली गेली, यावर फारसा वाद नाही.

याच्या आधी तीनेक आठवडे, डिसेंबर १७६० मध्ये, नानासाहेब पेशवे पैठणला दुसरं लग्न करत होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. बातमी पोचायला आठवडे लागायचे, त्या काळचे रिवाज वेगळे. पण हातात फोन असूनही पूंछ आपल्याला जेवढं दिसलं, ते बघता त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग सावकाराच्या पत्रातून त्यांना बातमी मिळाली, ती सगळ्यांना पाठ आहे. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा, म्हणजे चिल्लर, किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. मोती आणि मोहरांवर आपण अडीचशे वर्षं बोलतोय. नाना फडणवीसांची आई, ते यात्रेकरू, तोफा ओढणाऱ्या बैलांमागची माणसं, ही सगळी खुर्द्यात.

आणि मोत्यांच्या घरी तरी काय उरलं? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेल्याचं अखेरपर्यंत मानलं नाही, १७६३ मध्ये वारल्या त्या सवाष्ण म्हणूनच. पुढे सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. १७७६ मध्ये, म्हणजे पानिपताला पंधरा वर्षं उलटून गेल्यावर, कोकणातले किल्ले त्याच्या हाती जात होते, माणसं त्याच्या मागे जात होती. राजकारण होतंच त्यात. पण इतक्या वर्षांनीही लोक भाऊ परत आले म्हणून विश्वास ठेवायला तयार होते, यावरून किती घरांत दार लोटलेलंच ठेवलं असेल याचा अंदाज करा. त्या तोतयाला शेवटी देहदंड झाला.

कॉमेंटमध्ये मल्हारराव होळकर पानिपताच्या रणातून का निघून गेले आणि चूक कुणाची, हा वाद इथे नको. त्यासाठी ग्रुप आहेत, तिथे तो अखंड चालू असतो. मला दुसरं हवंय. बऱ्याच घराण्यांच्या कुळवृत्तांतात 'पानिपतावर पडले' अशी एका ओळीची नोंद असते. तुमच्या घरात तशी नोंद असेल, आणि विशेषतः ती सरदाराची नसेल, बाईची, मुलाची, स्वयंपाक्याची, भिक्षुकाची असेल, तर ती जशी आहे तशी खाली लिहा. गाव आणि नाव दोन्ही.