कॉम्प्युटर इंग्रजीतच चालतो, हे कोणी सांगितलं?

वाळपईच्या वहिनीने परवा मला एक मेसेज पुढे पाठवला. "स्वीडनने शाळांतून कॉम्प्युटर हाकलले. आपल्याकडे हे खूळ करोनात आलं. त्याने मुलांचे गुण घसरतात. आणि कॉम्प्युटर इंग्रजीतच चालतो, मराठी शाळेतल्या पोरांना त्याचा उपयोग शून्य." खाली तिचा प्रश्न: "आमच्या चौथीतल्या बायला त्या तासाला बसवू नका, असं बाईंना सांगू का?" तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं.

करोनाचं आधी मिटवते. केंद्राच्या 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले ते १९८४-८५मध्ये. गोव्यात पर्रीकरांच्या काळातली, विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर देणारी सायबरएज योजना ज्यांना आठवते, त्यांना हे सांगायलाही नको. स्वीडनने २०२३मध्ये छापील पुस्तकांसाठी पैसे दिले, लहानग्यांपुढचे स्क्रीन कमी करायचं ठरवलं. हाकलले कुठे?

गुणांबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. ओईसीडी या, बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेचा २०१५चा अहवाल सांगतो की शाळांतल्या कॉम्प्युटरवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञान यांत लक्षात यावी अशी सुधारणा दिसली नाही. अति वापरणारी मुलं तर बरीच मागे पडली. पण त्याच अहवालात, शाळेत बेताने वापरणारी मुलं क्वचितच वापरणाऱ्यांपेक्षा काहीशी पुढे आहेत. मेसेजात हे गाळलं.

आता ते इंग्रजीचं. हे नुसतं चूक नाही, हे मराठी शाळेतल्या पोराला दारातूनच परत पाठवणं आहे. भारतीय लिपींसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक सरकारने १९८६मध्ये प्रमाण केला: डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. बाराखडी येणाऱ्या मुलाला ही मांडणी ओळखीची वाटते. ज, मग पाय मोडायची कळ, मग ञ, की 'ज्ञ' उमटतो. जगातल्या लिप्या कॉम्प्युटरवर उमटवायचं प्रमाण म्हणजे युनिकोड; १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरी होती. विंडोज, फायरफॉक्स, लिबरऑफिस मराठीत वापरता येतात. याच कळांवर कोकणीही लिहिता येते. बायला स्पेलिंग येईपर्यंत थांबायची गरजच नाही, तिची गोष्ट ती आजच टाइप करू शकते.

वहिनी, रविवारी मी येते, कळफलक मीच तिला दाखवीन. बाईंना काही विचारायचंच असेल तर एवढं विचार: तासाला एका कॉम्प्युटरपुढे किती मुलं बसतात, आणि त्यावर मराठी कळफलक चालू केलाय का?