या पावसाळ्यात वाचलेलं, जमेल तसं

पाऊस आणि गुडघा दोघांनी मिळून घरात बसवलं म्हणून सावानाची, म्हणजे आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, बंद पडलेली मेंबरशिप परत चालू केली. १८४० सालचं वाचनालय, टिळक पथावर आपल्या नाकासमोर, आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोरून गाडी दामटत बाजारात जायचो, असो.

सुरुवात नारायण धारपांच्या ‘लुचाई’ या भयकादंबरीने केली. मूळ कल्पना स्टीफन किंगची आहे हे माहीत असूनही टरकलो, त्यात नेमकी लाइट गेली. एक सेल्फ हेल्पवालं पण आणलं, नाव नाही सांगत. पहाटे पाचला उठा एवढं सांगायला दोनशे पानं? आमचा दूधवाला चारला उठतो, तो अजून सायकलवरच आहे.

मग जयंत विष्णू नारळीकरांचं विज्ञानकथांचं ‘यक्षांची देणगी’, शाळेत असताना वाचलेलं. पात्रं काही लक्षात राहत नाहीत, भाषा थोडी वर्गातल्या सरांसारखी, पण कल्पना अजून ताज्या आहेत. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये अख्खा माणूसच आरशातल्यासारखा डाव्याचा उजवा होतो, आणि गंमत म्हणजे स्पर्धेला पहिली कथा पाठवताना यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं होतं. २०२१ला आपल्याकडच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते पण तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, तेव्हा नुसती चुटपुट लागली होती, आता ते गेल्यावर जास्त लागते.

पण यावेळचं खरं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. शाळेत धडा होता, त्यामुळे आयुष्यभर लांब राहिलो, किती मूर्खपणा! लक्ष्मीबाई टिळक म्हणजे आपल्या जलालपूरच्या, सोमेश्वरला आपण भेळ खायला जातो तिथून जवळच, आणि हे मला पन्नाशीत कळतंय. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवरा कवी आणि कमालीचा विसरभोळा, हातातले पैसे कधी कोणाला देऊन टाकेल नेम नाही. १८९५ला तो ख्रिश्चन झाला, बाईच्या डोक्यावर आभाळच कोसळलं. तरी रडगाणं नाही, स्वतःचीच फजिती अशी सांगते की मी बसमध्ये एकटा हसत होतो आणि शेजारच्या मावशी सरकून बसल्या. पुढे दुसऱ्याच्या हातचं पाणी न पिणारी हीच बाई विचार करकरून जातपात सोडते, कोणी शिकवलं म्हणून नाही, स्वतःला पटलं म्हणून. नवऱ्यामागे फरपटत गेली असं ज्यांना वाटतं त्यांनी तेवढी पानं तरी वाचा. मला टिळकांचा मात्र फार राग आला, अजून गेलेला नाही.

शेवटी नेमाड्यांची ‘कोसला’. १९६३चं पुस्तक. कॉलेजात वाचलं तेव्हा मीच त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर होतो, बाप म्हणजे शत्रू. आता माझा पोरगा पुण्यात शिकतो, दर महिन्याला मेसचे पैसे मी पाठवतो, आणि वाचताना सारखं वाटत होतं अरे बाबा, तुझ्या वडिलांनी गावाकडून पाठवलेत ते पैसे, जरा हिशोब ठेव! अर्ध्यात दोनदा चिडून बाजूला ठेवलं. पण त्याची धाकटी बहीण मनी जाते ती पानं आली आणि विशीत जसा पुस्तक मिटून बसलो होतो तसाच परत बसलो. बायकोने चहा आणला, काय झालं विचारलं, काही नाही म्हणालो.

पुढचं काय आणू सांगा. पहाटे उठायचं सोडून काहीही चालेल.