परक्याच्या दारात

"आपलं जनावर आपण परक्याच्या दारात बांधत नाही."

ऑगस्टात दादानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, घरच्या ग्रुपवर हे वाक्य टाकलं. नांदणीहून कोल्हापूरपर्यंत तो नुकताच चालून आला होता. नांदणीच्या जैन मठातली महादेवी, आपण सगळे जिला माधुरी म्हणतो ती हत्तीण, उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२५ च्या जुलैअखेर जामनगरला अंबानींच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात मूक पदयात्रा निघाली, लोकांनी अंबानींच्या जिओची मोबाईल कार्डंसुद्धा बदलली. दादाच्या तळव्यांना आलेल्या फोडांचा फोटो आणि त्याखाली हे वाक्य. लीड्समध्ये तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि माझी नाइट चालू होती. मी ते वाचलं, मोबाईल लॉकरमध्ये ठेवला आणि वॉर्डात परत गेले. चिंगी आणि दगडूला नवं घर हवंय, असा फॉर्म मी त्याच दुपारी भरून पाठवला होता.

चिंगी आणि दगडू हे माझे फेरेट. फोटो पाठवला की कोल्हापुरातून ठरलेला प्रश्न येतो, "मुंगूस पाळलंयस होय?" मुंगूस नव्हे. मुंगूस तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं घरात ठेवताच येत नाही. फेरेट पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या रानटी पोलकॅटपासून दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसानं तो माणसाळवला. त्याला बिळात सोडायचं आणि ससा बाहेर पळवायचा, हे त्याचं मूळचं काम. यॉर्कशरच्या खाणकामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या ते पाळले. दिवसातले चौदा-पंधरा तास तो झोपतो. जागा झाला की पाठीची कमान करून आडव्या उड्या मारतो आणि खुशीत असला की घशातून डुक-डुक-डुक असा आवाज काढतो. नाइट करून सकाळी साडेआठला दार उघडल्यावर घरात तेवढाच आवाज असायचा.

२०२१ च्या हिवाळ्यात मी त्यांना रेस्क्यूमधून, म्हणजे सोडून दिलेल्या जनावरांना घर शोधून देणाऱ्या संस्थेतून, आणलं. तेव्हा दोघं वर्षभराची होती. माझे मोजे, रबरबँड, एकदा तर बॅज, सगळं सोफ्याखाली नेऊन ठेवायची. माणसाचा फ्लू फेरेटला होतो, त्यामुळे मला फ्लू झाला तेव्हा आठ दिवस मी त्यांना हातात घेतलं नाही. पिंजऱ्याच्या जाळीला दोघं नाक लावून बसायची आणि मी मास्क लावून समोर जमिनीवर. त्या आठ दिवसांत मी दुसऱ्या कुणाशी मराठी बोललेले आठवत नाही.

आणि आता मला ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे. सिडनीत, मेलबर्नमध्ये फेरेट पाळता येतात. ब्रिस्बेन ज्या क्वीन्सलँड राज्यात आहे तिथं बंदी आहे. तसेही बाहेरून फेरेट ऑस्ट्रेलियात नेताच येत नाहीत. हे मला अर्ज करतानाच माहीत होतं. अर्ज केला.

आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "इकडं पाठवून दे की. आम्ही काय मेलोय? एवढी म्हसरं सांभाळली, ही दोन पोरं जड हुतील होय?" तिला कसं सांगायचं? विमानातून माणसाबरोबर आणायची मुभा कुत्र्या-मांजरांना, फेरेट त्यात बसत नाहीत. समजा आलेच, तर एप्रिलातलं कोल्हापूर त्यांना सोसणार नाही. फेरेटला घाम येत नाही, तापमान तिशीच्या जवळ गेलं की तो आडवा पडतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर झाला तर फेरेट वाचत नाही, आणि आमच्या गल्लीत मोकाट कुत्री किती! शिवाय आई त्यांना दूध-भाकरी चारणार. त्यांना लागतं मांस, तेही दर तीन-चार तासांनी, कारण आतडंच तेवढं आखूड. हे सगळं मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग तूच थांब की तिथं."

आता दादाच्या वाक्याकडं येते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या घरी म्हशी होत्या. बाबा सकाळ-संध्याकाळ गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हस न्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. दिवाळीच्या पाडव्याला तिची शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावर नक्षी. मग दादा मोटारसायकलवर पुढं आणि म्हस त्याच्यामागं पळतेय, बघायला दोन्ही बाजूंना माणूस. चंद्री नावाची आमची म्हस दादाच्या शिट्टीवर गर्दीतून वाट काढत यायची. तिच्यासाठी दादानं मार खाल्लाय, उपाशी राहिलाय. त्याचं जनावरावर प्रेम नाही, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण चंद्री भाकड झाल्यावर कुठं गेली? वडगावच्या बाजारात. टेम्पोत तिला चढवलं दादानंच. कुणी घेतली, कुठं नेली, तिचं पुढं काय केलं, घरात कुणी विचारलं नाही. मी नववीत होते, मी विचारलं, तर आजीनं मला आत बोलावून कामाला लावलं. बाबा फक्त तिचं दावं सोडून परत घेऊन आले. जनावर द्यावं, दावं देऊ नये, अशी आमच्याकडं रीत. कितीतरी दिवस ते दावं गोठ्यातल्या खुंटीला होतं.

म्हणून त्या वाक्याचा मला राग येतो. आपण परक्याच्या दारात जनावरं बांधतच आलो आहोत. दार कसं आहे, ते मात्र बघत नाही.

इथं मला काय काय विचारलं, ते दादानं ऐकावं असं वाटतं. आधी मी स्वतःच ऑनलाइन जाहिरात दिली, फुकट देणार म्हणून. तासाभरात एक माणूस म्हणाला, संध्याकाळी येऊन नेतो. दुसऱ्या एका बाईला फक्त मादी हवी होती. दोघांनाही मी चिंगीच्या, माज थांबवणाऱ्या इम्प्लांटबद्दल सांगून पाहिलं, दोघांनाही त्यात काही रस नव्हता. फेरेटची मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही, तर माज उतरत नाही. अंगातलं इस्ट्रोजेन वाढत जातं, रक्त तयार व्हायचं थांबतं आणि ती दगावते. इम्प्लांट कधी बसवलं हे जो विचारत नाही, त्याला फेरेट माहीत नाही. मी जाहिरात काढून टाकली आणि जिथून त्यांना आणलं होतं त्याच रेस्क्यूला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, फुकट कधीच देऊ नका, आणि जोडी तोडू नका.

मग फॉर्म. लसी कधी झाल्या, काय खातात, कुणाला चावलेत का, कशाला घाबरतात, झोपायला कापड कुठलं लागतं. घेणाऱ्यालाही तसाच फॉर्म. बागेत सावली कुठल्या बाजूला पडते, सुट्टीवर गेल्यावर कोण बघणार, वेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर किती लांब. बाई स्वतः त्याच्या घरी जाऊन आल्या. करारात अट अशी की सांभाळणं जमलं नाही तर परस्पर कुणाला द्यायचे नाहीत, रेस्क्यूकडंच परत आणायचे. २००६ च्या इथल्या प्राणी कल्याण कायद्यानं मालकावर जबाबदारी टाकली आहे ती फक्त छळ न करण्याची नव्हे, तर राहणं, खाणं, सोबत, स्वाभाविक वागणं, दुखण्यापासून बचाव, हे सगळं पुरवण्याची. मी म्हणते, हे आपण करू शकत नाही का? एका म्हशीमागं दोन प्रश्न विचारायला कायदा कशाला लागतो?

ग्रुपवर मी यातलं काहीच लिहिलं नाही. लिहिलं एवढंच की माधुरीच्या पायांच्या दुखण्याची नोंद न्यायालयापुढं आलेल्या अहवालात आहे, ती आधी वाचा. मठाला तो अहवाल मान्य नव्हता, हे मला माहीत आहे. पण हत्तीची मादी कळपातली. तीस वर्षांवर ती दुसऱ्या हत्तीच्या सोबतीशिवाय कठीण जमिनीवर उभी राहिली, हे तर कुणी नाकारत नाही ना? जोतिबाच्या सुंदर हत्तीला आपण विसरलो का? वारणानगरच्या शेडमध्ये तो साखळदंडात होता आणि तेव्हाही आपण त्याला आपला म्हणत होतो. २०१४ मध्ये तो बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला, त्याच वर्षी मी कोल्हापूर सोडलं. कोल्हापूरचं हत्तीवर प्रेम आहेच, संस्थानच्या काळापासून आहे. त्याच कोल्हापुरात साठमारीच्या मैदानात हत्तीला डिवचून खेळही होत. प्रेम आहे म्हणजे पाय दुखत नाहीत, असं होत नाही.

दादाचं उत्तर आलं, "लांब बसून शिकवू नकोस."

त्याच दिवशी पुण्याच्या एका मैत्रिणीनं लिहिलं की एका हत्तिणीसाठी अख्खा जिल्हा रडतोय, हसावं की काय कळत नाही. तिच्याशी मी तासभर भांडले. म्हटलं, तुमच्या सोसायटीतलं मांजर पोत्यात घालून लांब सोडून आले, तेव्हा कोण चाललं होतं एवढं अंतर? आणि इथंही कोण चालेल? लॉकडाऊनमध्ये हौसेनं आणलेली किती कुत्री, किती ससे पुढं रेस्क्यूच्या दारात आले. फॉर्म भरले, सही केली, गेले. रडताना मी फार कुणाला पाहिलं नाही. नांदणीतून तिला पोलिस बंदोबस्तात न्यावं लागलं, यात मला कोल्हापूरची लाज वाटत नाही. नवं घर बघताना जुन्या घराला विश्वासात घ्यायचं असतं, ते झालं नाही. नांदणीजवळच केंद्र बांधायची भाषा नंतर निघाली, ती आधी का निघाली नाही? हे मी मैत्रिणीला म्हणाले, दादाला नाही. का नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

एक मात्र सांगता येतं. माधुरीला नेलं ते निदान तिच्या पायांचं कारण देऊन. चिंगी-दगडूच्या पायांना काहीही झालं नव्हतं. त्यांना गरम खोली होती, वेट होता, सोबत होती. त्यांचं घर मोडलं ते माझ्यासाठी. फॉर्मवर "कारण" या रकान्यात मी आधी "कायदा" लिहिलं, मग खोडून "नोकरी" लिहिलं. पाच वर्षांचा फेरेट म्हणजे म्हातारपणाला लागलेला, सहा-आठ वर्षांचंच त्याचं आयुष्य. आणि आई बहात्तर वर्षांची आहे. लीड्सहून कोल्हापूरला यायचं तर मी वर्षाकाठी एकदा येते. ब्रिस्बेनहून किती वेळा येईन, हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. "मग तूच थांब की तिथं," असं ती म्हणाली, तेव्हा फेरेटबद्दलच बोलत होती, असं मी धरून चालले आहे.

घर मिळालं बार्न्सलीला. निवृत्त बसड्रायव्हर, एकटे राहतात, लहानपणापासून फेरेट पाळलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो इम्प्लांटचा. दगडूला उचलताना छातीखाली एक हात आणि मागच्या पायांखाली दुसरा, असं बरोबर धरलं. मी वहीत सगळं लिहून नेलं होतं. रेस्क्यूच्या बाईंनी बजावलं होतं की झोपायचं जुनं कापड न धुता बरोबर द्या, वास ओळखीचा असला की नवीन जागा लवकर मानवते. ते कापड म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी, मी कोल्हापूरहून आणलेली. एवढी एकच होती. दिली.

गाडीत बसल्यावर मला बाबांच्या हातातलं दावं आठवलं.

दुसऱ्या दिवशी बार्न्सलीच्या त्या आजोबांचा फोन आला. दोघं खाताहेत, पण हाक मारली की बघत नाहीत, तुम्ही काय म्हणायचात? मी म्हणाले, "ये गं चिंगे, ये रं दगड्या." त्यांनी चार-पाच वेळा म्हणून बघितलं, मला परत परत म्हणायला लावलं. फोन त्यांनी तसाच चालू ठेवला होता. पलीकडून डुक-डुक ऐकू आलं.

दादानं गेल्या आठवड्यात ग्रुपवर विचारलंय, "तुझ्या त्या मुंगसांचं काय केलंस? नेतीयास का ऑस्ट्रेलियाला?" माझं उत्तर अजून गेलेलं नाही. हे लिहून झालं की त्यालाच आधी पाठवणार आहे.