'पॅराशूट मागितलं, स्लेड गळ्यात मारली': धोबी तलावच्या दुकानातून उत्तर

नमस्कार सर,

तुमचे दोन स्टार आणि तक्रार वाचली. मुलीच्या धावण्याच्या सरावासाठी पॅराशूट (कमरेला बांधून मागे ओढायची कापडी छत्री) घ्यायला आलात, आम्ही दुप्पट किमतीची स्लेड (वजनाच्या प्लेटा ठेवून दोरीने मागे ओढायची घसरगाडी) गळ्यात मारली, प्लेटा १० किलोच्याच दिल्या, शिवाजी पार्कात ओढताना ती अडखळते, टायमिंग उलट वाढलं आणि आता आम्ही माल परत घेत नाही. लिहायचं एवढंच राहिलं, की मी तुम्हाला सगळ्यात आधी जुना टायर सुचवला होता. पंक्चरवाल्याकडून आणा, दोरी बांधा, आमच्याकडून काही घेऊच नका, असं म्हटलं. "मैदानात बरं दिसत नाही," म्हणून तुम्हीच हसलात.

आता पॅराशूट. मुलगी पहिल्या २० मीटरात मागे पडते आणि ६० च्या पुढे बाकीच्यांना गाठते, हे तुमचंच सांगणं. पॅराशूटची ओढ म्हणजे हवेचा अडथळा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा असेल तर ओढ चौथाईच. म्हणजे सुटतानाच्या पावलांना, जिथे तिला खरी मेहनत हवी आहे, तिथे ते कापड मागे नुसतं लोळतं. नीट फुगेपर्यंत ती तिच्या आवडीच्या टप्प्यात पोचलेली असते. हे दोन टप्पे वेगळे आहेत. २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावलेल्या बोल्टचाही सर्वाधिक वेग ६० ते ८० मीटरच्या दरम्यान आला होता. शिवाय दादरला दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की पॅराशूट आडवं जातं आणि कमरेला बाजूने हिसके बसतात. ज्यांना शेवटच्या टप्प्यावर काम करायचंय त्यांना आम्ही ते आनंदाने विकतो.

"मैत्रिणीची मुलगी ३० किलो ओढते" असं तुम्ही लिहिलंय. ओढत असेल, पण कशावर? प्रियदर्शिनी पार्कच्या सिंथेटिक ट्रॅकवर, शिवाजी पार्कच्या मातीवर आणि पाऊस पडून गेलेल्या गवतावर तेच वजन तीन वेगवेगळ्या तऱ्हेने घासतं. चौपाटीच्या वाळूत तर स्लेड रुततेच. म्हणून मी किलो विचारत नाही, घड्याळ विचारतो. आधी मोकळं २० मीटर पळवा, मग स्लेड लावून. मोकळं धावताना ३.५ सेकंद लागत असतील तर स्लेडसकट ३.९ पर्यंत ठीक, त्याच्यावर गेलं की प्लेट काढा. वेग निम्म्यावर येईल इतकं जड ओढण्याचाही एक प्रकार आहे, पहिल्या पावलांची ताकद वाढवायला अलीकडे बरेच कोच तो वापरतात. पण तो अंगात ताकद आलेल्या, कोच समोर उभा असलेल्या खेळाडूंसाठी. पंधरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच सीझनला मी तेवढ्या प्लेटा देणार नाही, आणखी एक स्टार गेला तरी.

अडखळण्याचं कारण तुमच्याच फोटोत आहे. दोरी दुहेरी करून आखूड बांधली आहे आणि पट्टा खांद्यांना आहे. आखूड दोरी स्लेडचं नाक वर उचलते, मग प्रत्येक पावलाला हिसका. दोरी पूर्ण सोडा, पट्टा कमरेला लावा, आणि सुटायच्या आधी एक पाऊल पुढे घेऊन दोरी ताणून घ्या.

टायमिंगचं म्हणाल, तर स्लेड लावल्यावर वेळ वाढणारच, त्यासाठीच तर ती लावायची! आठवड्यातून दोनदा, २० मीटरच्या चार-पाच फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, शेवटी दोन फेऱ्या मोकळ्या. असे काही आठवडे गेल्यावर स्लेडशिवाय वेळ घ्या. डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) शालेय स्पर्धा तोंडावर आल्या की आमच्याकडे गर्दी होते आणि प्रत्येकाला आठ दिवसांत फरक हवा असतो. तसलं सामान मी ठेवत नाही.

पायाला बांधायची वजनं मी दिली नाहीत, हेही तुम्हाला खटकलंय. घोट्याला बांधलेलं अर्धा किलो नितंबाच्या सांध्यापासून सर्वांत लांब असतं, त्यामुळे पाय पुढे आणायलाच उशीर होतो आणि धावण्याची लय बिघडते. चालायला बांधा, स्प्रिंटला नको. इलॅस्टिक ट्यूब घेणाऱ्या इतर पालकांनाही सांगतो: दर वेळी बोटाने चाचपून बघा. मुंबईच्या दमट हवेत आणि उन्हात रबराला चिरा पडतात, आणि ताणलेली ट्यूब तुटली तर थेट अंगावर येते.

वापरलेला माल परत घेत नाही, हे बिलावर छापलं आहे. घामाचा पट्टा दुसऱ्याच्या मुलीला नवा म्हणून कसा विकू? मात्र १० ची प्लेट जड वाटत असेल तर ५ च्या दोन बदलून देईन. रविवार सोडून कधीही संध्याकाळी सहानंतर या, मी काउंटरवर असतो. मुलीला सोबत आणा, पट्टा तिच्या कमरेला बसवून देतो.