एका ओळीवरून किती तो थयथयाट!

नवा व्हिडिओ गेम येतो. पात्र घडवायच्या स्क्रीनवर कोपऱ्यात सर्वनाम (आपल्या पात्राला 'तो' म्हणायचं, 'ती' की आणखी काही) निवडायची एक बारीकशी ओळ दिसते. झालं! 'आमच्या गेममध्ये राजकारण घुसवलं' म्हणून बोंबाबोंब सुरू. अरे, भुवयांची जाडी आणि गालावरचा व्रण ठरवण्यात दीड तास घालवता, आणि या एका ओळीने जीव गुदमरतो? २०२३ मध्ये 'स्टारफील्ड' या गेमवरून हाच तमाशा झाला. त्याच वर्षीच्या 'बाल्डर्स गेट ३'मध्येही शरीर, आवाज आणि ओळख वेगवेगळी निवडता येते. तो पुरस्कारांवर पुरस्कार घेऊन गेला, आभाळ काही कोसळलं नाही.

'पूर्वी असलं काही नव्हतं' हे ऐकून तर कान किटलेत. १९८६ चा 'मेट्रॉइड' झटपट संपवला की शेवटी चिलखत उतरतं आणि कळतं, जिला इतका वेळ 'तो' समजत होतो ती गेमची नायिका सॅमस बाई आहे! १९८८ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स २'च्या इंग्रजी पुस्तिकेत तर बर्डो नावाच्या पात्राबद्दल 'तो स्वतःला मुलगी समजतो' असं छापलं होतं. (चेष्टेनेच छापलं असणार. पण होतं ना?)

बरं, यातलेच कित्येक महाभाग वर्षानुवर्षं बाईचं पात्र घेऊन खेळतात. का? तर म्हणे पाठमोरी बघायला बरी वाटते! तिथे नाही हो कुणाची ओळख धोक्यात येत.

कंपन्याही काही कमी नाहीत. जाहिरातीत एलजीबीटी समुदायाच्या पाठिंब्याचं इंद्रधनुष्य, आणि आरडाओरडा झाला की तोंडात मिठाची गुळणी. मला फक्त खेळायचंय. ती ओळ नको असेल तर पुढचं बटण दाबा ना!