तिकीट मिळत नसेल तर डेट्रॉइटला जा

पक्षकार्यालयाचे उंबरे झिजवून, सतरंज्या उचलून, साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स स्वखर्चाने लावूनही तिकीट मिळत नसेल, तर मनाला लावून घेऊ नका. अमेरिकेत मिशिगन राज्यात एक जागा आहे. प्रतिनिधीगृहाचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा, १३वा मतदारसंघ. त्यात येतो डेट्रॉइट शहराचा बराचसा भाग आणि आसपासची काही गावं. २०२३ पासून तिथे आपले श्री ठाणेदार बसले आहेत, ज्यांचं मराठी आत्मचरित्र तुमच्या एखाद्या काकांच्या कपाटात नक्की असेल. जन्म चिकोडीचा, बालपण बेळगावचं. तेव्हा वाट मळलेली आहे.

अटी किरकोळ आहेत. वय २५, नागरिकत्व ७ वर्षं आणि निवडून येताना त्या राज्यात वास्तव्य. मतदारसंघात राहायलाच हवं असं अमेरिकेची राज्यघटना म्हणत नाही. मुदत फक्त दोन वर्षांची, पण कितीदा निवडून यावं याला मर्यादा नाही. बाकीचं शिक्षण या जागेचा इतिहासच देतो, म्हणून आधी तो वाचून घ्या.

सर्वात आधी, वडील विचार करून निवडा. १९५५ ते १९८० ही जागा चार्ल्स डिग्ज यांच्याकडे होती. वडिलांचा डेट्रॉइटमध्ये अंत्यविधीचा मोठा व्यवसाय, शिवाय ते राज्याच्या सिनेटवर. लाचेच्या प्रकरणात तुरुंगात गेले, सुटून आले आणि १९५० साली पुन्हा निवडूनही आले. सिनेटने मात्र त्यांना आत बसू दिलं नाही. पोटनिवडणूक लागली. उभं कोण राहिलं? चिरंजीव! हे वाचताना तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटलं असेल, तर तुमची निम्मी तयारी झालीच आहे.

चिरंजीव कामाचे निघाले, ही या लेखापुढची अडचण आहे. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि खटला उभा राहिला, तेव्हा वर्षभरही न मुरलेले हे कृष्णवर्णीय खासदार थेट त्या गावच्या कोर्टात जाऊन बसले. तिथल्या शेरीफसाहेबांनी त्यांना जागा दिली ती कृष्णवर्णीय पत्रकारांच्या टेबलाजवळ. पुढे संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाचे ते पहिले अध्यक्ष झाले. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. तुम्ही त्यांच्या पुढच्या अध्यायाकडे लक्ष द्या. ऑफिसातल्या माणसांचे पगार वाढवायचे आणि वाढीव पैशातून आपली बिलं भागवायची, अशी सोय त्यांनी केली होती. ऑक्टोबर १९७८ मध्ये कोर्टाने २९ आरोपांत दोषी ठरवलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये मतदारांनी भरघोस मतांनी परत निवडून दिलं. सभागृहाने १९७९ च्या जुलैत ४१४ विरुद्ध ० मतांनी निंदेचा ठराव केला, तरी राजीनामा आला तो थेट १९८० च्या जूनमध्ये. आपल्याकडेच हे चालतं अशी तुमची समजूत असेल, तर ती इथे काढून टाका. उगाच न्यूनगंड कशाला?

त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज क्रॉकेट यांनी सगळा क्रम उलटा केला. आधी तुरुंग, मग न्यायाधीशपद, मग खासदारकी. १९४९ मध्ये कम्युनिस्ट पुढाऱ्यांचं वकीलपत्र घेतलं म्हणून कोर्टाच्या अवमानाखाली चार महिने आत काढले. खासदार झाले तेव्हा वय ७१, आणि ८१ व्या वर्षी स्वतःहून निवृत्त झाले. असा माणूस आदर्श म्हणून फोटोपुरता ठेवावा. अनुकरण करू नये, कार्यकर्ते गोंधळतात.

मतदारसंघाच्या आकड्यावर जीव लावू नका, हेही सांगून ठेवतो. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि नकाशा नव्याने आखला जातो. डेट्रॉइटची वस्ती १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये साडेसहा लाखही भरली नाही. मोटारींचे कारखाने हलले, माणसं गेली, आणि मिशिगनच्या जागा १९७० च्या दशकातल्या १९ वरून आता १३ वर आल्या. नव्वदच्या दशकात तर ‘१३’ हा आकडा डेट्रॉइट सोडून अ‍ॅन आर्बरच्या बाजूला राहायला गेला होता. हॅन्सन क्लार्क यांचे वडील आजच्या बांगलादेशातल्या भागातून आलेले. त्यांनी २०१० मध्ये कॅरोलिन किलपॅट्रिक यांना पक्षाच्याच प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात त्या फेरीत, पाडून ही जागा घेतली. (बाईंचे चिरंजीव शहराचे महापौर होते आणि त्या वेळी तुरुंगात होते. मुलं चांगल्या वळणाची असली तर बरं पडतं.) क्लार्क जेमतेम बसले तोच नकाशा बदलला, ते शेजारच्या मतदारसंघात लढायला गेले आणि पडले. एक टर्म, खेळ खलास.

नकाशाला पुरून उरायचं असेल तर जॉन कॉन्यर्स यांचा अभ्यास करा. १९६५ पासून २०१७ पर्यंत, जवळपास ५३ वर्षं! आधी मतदारसंघ पहिला, मग चौदावा, शेवटी तेरावा. पाट्या बदलत गेल्या, खासदार तेच. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स त्यांच्या ऑफिसात वीसहून अधिक वर्षं नोकरीला होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने सुट्टी द्यावी हे विधेयक त्यांनी किंग यांच्या खुनानंतर चारच दिवसांनी मांडलं आणि १९८३ मध्ये कायदा होईस्तोवर, म्हणजे पंधरा वर्षं, रेटलं. असा लौकिक कमावल्यावर जागेवर नाव कोरलं जातं, निदान कोरलं गेलंय असं वाटू लागतं. लैंगिक छळाचे आरोप झाले. ते त्यांनी नाकारले, आणि ५ डिसेंबर २०१७ रोजी ८८ व्या वर्षी एका रेडिओ कार्यक्रमात फोन लावून निवृत्ती जाहीर केली. त्याच फोनवर वारसही जाहीर केला: मुलगा. तेवढ्यात भावाचा नातूही गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. घराणं मोठं असलं की ही कटकट आलीच.

आता यानंतर जे झालं ते सावकाश वाचा, कारण असा तमाशा आपल्याकडेही सहसा होत नाही. प्रतिनिधीगृहाची रिकामी जागा नेमणुकीने भरता येत नाही, पोटनिवडणूकच लागते. गव्हर्नरांनी ती सरळ नोव्हेंबर २०१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर लावली. जवळजवळ वर्षभर मतदारांना खासदारच नाही. मग एकाच मतपत्रिकेवर दोन निवडणुका: एक जुन्या मुदतीचे उरलेसुरले दिवस संपवायला, दुसरी पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत उरलेल्या दिवसांसाठी चार उमेदवार होते. त्यात ब्रेंडा जोन्स ३८ टक्के मतं घेऊन जिंकल्या, रशिदा तलीब हरल्या. पूर्ण मुदतीसाठी सहा उमेदवार. त्यात तलीब ३१ टक्के मतं घेऊन सुमारे ९०० मतांनी जिंकल्या, जोन्स हरल्या. तेच मतदार, तोच दिवस, तीच पेन्सिल. जास्तीच्या दोन उमेदवारांनी कोणाची मतं खाल्ली हे सांगायला ज्योतिषी नको. जोन्सबाई २९ नोव्हेंबरला शपथ घेऊन ३ जानेवारीला घरी आल्या. सव्वा महिन्याची खासदारकी, पण लेटरहेडवर ‘माजी खासदार’ लिहायला तेवढी पुरते. डेट्रॉइट नगर परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी सोडलंच नव्हतं, हे शहाणपण. २०२० मध्ये दोघी समोरासमोर, तिसरं कोणी नसताना लढल्या, तेव्हा तलीब आरामात जिंकल्या.

तेव्हा गर्दी हवी. मतविभागणी हे संकट आहे असं मानून आपले नेते रात्र रात्र बंडखोरांची मनधरणी करतात. तुम्ही उलट करा: जो उभा राहीन म्हणेल त्याला पेढा भरवा. २०२२ मध्ये नवा नकाशा आला, तलीब शेजारच्या १२ व्या मतदारसंघात गेल्या आणि तेरावी जागा मोकळी झाली. शहरातले तीन-चतुर्थांशांहून जास्त लोक कृष्णवर्णीय. त्यांच्यातला एकच उमेदवार द्यावा म्हणून काही पुढाऱ्यांनी बैठका घेतल्या, एक नावही ठरवलं. उभे राहिले एकूण नऊ. ठाणेदारांनी २८ टक्क्यांवर बाजी मारली, आणि १९५५ नंतर पहिल्यांदाच डेट्रॉइटला एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे औपचारिकता. खरी लढत ऑगस्टमध्येच संपते, हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

पैसा लागतो, हे खरं. ठाणेदारांनी २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी पदरचे सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि तिसरे आले. मग अ‍ॅन आर्बरहून डेट्रॉइटला बिऱ्हाड हलवलं, २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले, आणि खासदारकीला पुन्हा खिशातले काही दशलक्ष काढले. तुमच्याकडे नसतील तर आधी केमिस्ट्रीत पीएच.डी. करा, प्रयोगशाळा काढा, चालवा, विका, मग या. घाई नाही.

एका गोष्टीत मात्र हलगर्जीपणा नको: सह्या. उमेदवारी अर्जाबरोबर मतदारांच्या एक हजार वैध सह्या लागतात आणि या जागेवर माणसं मतदानात कमी, छाननीत जास्त पडतात. २०१४ मध्ये खुद्द कॉन्यर्स यांचा अर्ज बाद झाला होता, कारण सह्या गोळा करणाऱ्यांपैकी काहींची नावंच मतदारयादीत नव्हती. जवळपास पन्नास वर्षं खासदार असलेल्या माणसाला मतपत्रिकेवर यायला फेडरल कोर्टाचा दरवाजा ठोठवावा लागला. २०१८ मध्ये त्यांच्या मुलाच्या सह्या कमी भरल्या, वारसा तिथेच संपला. २०२४ मध्ये ठाणेदारांना टक्कर देणार म्हणून ज्यांचा बोलबाला होता, त्या अ‍ॅडम हॉलियर यांच्याही वैध सह्या हजाराच्या आतच निघाल्या. म्हणून सही करणाऱ्याचा पत्ता दोनदा तपासा, आणि हजारावर न थांबता पुढे गोळा करत राहा. दोन हजारांच्या वर मात्र ते घेत नाहीत.